'त्या काळी असंच होतं' हे उत्तर पुरत नाही

ज्याँ रन्वार यांचा 'ला ग्रांद इल्युझियाँ' जून 1937 मध्ये पॅरिसला प्रदर्शित झाला. पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच युद्धकैद्यांची ही कथा. एकही लढाई न दाखवता युद्धाला विरोध करणारा, जर्मनांना राक्षस न करता फ्रान्सवर प्रेम करणारा हा चित्रपट जगातल्या थोर चित्रपटांत गणला जातो, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेत नामांकन मिळालेला हा इंग्रजीबाहेरचा पहिला चित्रपट. नाझी जर्मनीत त्यावर बंदी होती आणि 1940 मध्ये पॅरिस पडल्यावर फ्रान्समध्येही तो दिसेनासा झाला. एवढी पुण्याई गाठीशी असलेल्या चित्रपटाला एक अवघड प्रश्न विचारायचा आहे: यात कोणाकोणाला माणूस म्हणून जागा मिळाली, आणि कोणाला नुसती उभं राहण्यापुरती मिळाली?

हा प्रश्न काढला की दोन उत्तरं लगेच येतात. पहिलं मोजणाऱ्यांचं. किती स्त्रिया, किती काळे, किती अल्पसंख्य, याची यादी करायची आणि चित्रपट पास की नापास ते सांगायचं. दुसरं उत्तर जुन्या चित्रपटांवर जीव असलेल्यांचं: त्या काळी असंच होतं, आजच्या फूटपट्टीने काल मोजू नका. ही दोन्ही उत्तरं मला पटत नाहीत. का पटत नाहीत ते या चित्रपटाकडे नीट पाहिलं की कळतं, कारण तो एकाच वेळी दोन्ही उत्तरांना खोटं पाडतो.

मोजणाऱ्यांच्या यादीत हा चित्रपट सहज बसेल. कैद्यांमध्ये कामगार आहे, उमराव आहे, शिक्षक आहे, ग्रीक कवी पिंडारचं भाषांतर करत बसणारा पंडित आहे, श्रीमंत ज्यू आहे, इंग्रज आहेत, रशियन आहेत, एक काळा आफ्रिकन आहे. शेवटच्या भागात एक जर्मन शेतकरी स्त्री आहे. पडद्यावर फ्रेंच, जर्मन, इंग्रजी आणि रशियन बोलली जाते आणि ज्याची भाषा ज्याला कळत नाही, त्याला ती खरोखरच कळत नाही. पळून जाण्यासाठीचा बोगदा जवळजवळ खणून झालेला असताना तळ सोडावा लागतो, तेव्हा नव्या येणाऱ्या इंग्रजाला कामगार मारेशाल त्या बोगद्याबद्दल जीव तोडून सांगतो. समोरच्याला एक अक्षर कळत नाही. उलट उमराव बोएल्द्यू आणि किल्ल्याचा जर्मन कमांडंट राउफनश्टाइन खाजगीतलं बोलायचं झालं की इंग्रजीत शिरतात. दोन शत्रू एका परक्या भाषेत घरच्यासारखे बोलतात आणि एकाच बाजूची दोन माणसं एकमेकांना परकी राहतात. भाषेने वर्ग कसा राखला जातो, हे मराठी प्रेक्षकाला समजावून सांगायची गरज पडत नाही.

पण यादी पूर्ण झाली म्हणून प्रश्न मिटत नाही. पाहायचं आहे ते रोझेंतालकडे.

लेफ्टनंट रोझेंताल हा ज्यू आहे, श्रीमंत घरातला आहे. घरून त्याला उत्तम जिन्नसांची पार्सलं येतात आणि तो ती सगळ्यांना वाटून खाऊ घालतो. सोबतचे कैदी खातात आणि मागून टोमणेही मारतात. जन्म व्हिएन्नाचा, आई डॅनिश, वडील पोलिश, नंतर फ्रेंच नागरिकत्व घेतलेले, असं तो सांगतो तेव्हा समोरून थट्टा होते. तोही गप्प बसत नाही. तुम्ही पिढ्यान् पिढ्यांचे फ्रेंच, पण तुमच्या मालकीची शंभर चौरस मीटर जमीन नाही आणि आमच्या घराने पस्तीस वर्षांत तीन वाडे घेतले, असं तो सुनावतो. आजच्या कानाला हे खुपतं. श्रीमंत ज्यू हा शेकडो वर्षांचा साचा आहे आणि रन्वार यांनी तोच उचलला. पण साचा उचलून त्यांनी त्याचं काय केलं, ते पाहायला हवं.

1936-37 चं फ्रान्स डोळ्यांसमोर आणा. लेओं ब्लूम हे देशाचे पहिले ज्यू पंतप्रधान. फेब्रुवारी 1936 मध्ये, पंतप्रधान होण्याच्या काही महिने आधी, राजेशाहीवादी टोळक्याने त्यांना पॅरिसच्या रस्त्यात रक्तबंबाळ होईपर्यंत मारलं होतं. ब्लूमपेक्षा हिटलर परवडला, असं उजव्या गोटात उघड बोललं जात होतं. आणि त्याही मागे ड्रायफस प्रकरण होतं. 1894 मध्ये आल्फ्रेड ड्रायफस या तोफखान्याच्या ज्यू कॅप्टनवर जर्मनांना गुपितं विकल्याचा खोटा आळ घालून त्याला जन्मठेप दिली गेली, पुढे तो निर्दोष ठरला, आणि तरीही अर्धा देश त्याला गद्दारच मानत राहिला. ड्रायफस 1935 मध्ये वारला. दोन वर्षांनी रन्वार पडद्यावर एक ज्यू फ्रेंच अधिकारी आणतात, जो फ्रान्ससाठी लढून जर्मनांच्या कैदेत पडला आहे. त्या वर्षी, त्या देशात ही साधी पात्रनिवड नव्हती. ती भूमिका घेणं होतं.

आणि ती भूमिका रन्वार सोपी करत नाहीत. राउफनश्टाइन खोलीची झडती घेतो तेव्हा बोएल्द्यूच्या शब्दावर विश्वास ठेवतो, मारेशाल आणि रोझेंतालच्या नाही. बोएल्द्यू विचारतो, माझाच शब्द का, त्यांचा का नाही? राउफनश्टाइनच्या उत्तरातली तुच्छता ऐकण्यासारखी आहे; असले अधिकारी ही त्याला फ्रेंच राज्यक्रांतीची देणगी वाटते. पुढे मारेशाल आणि रोझेंताल पळून जातात, बर्फाळ डोंगरांतून चालताना रोझेंतालचा घोटा मुरगळतो. भूक, थंडी, लंगडा सोबती, आणि मारेशालच्या तोंडून ते बाहेर पडतं: मला ज्यू कधीच आवडले नाहीत. रोझेंताल म्हणतो, हे सुचायला जरा उशीरच झाला. मारेशाल त्याला टाकून निघून जातो, आणि परत येतो. मारेशाल हा चित्रपटाचा नायक आहे, ती भूमिका करणारा ज्याँ गाबाँ हा त्या काळचा फ्रान्सचा सर्वांत लाडका नट आहे, आणि त्याच्याच तोंडी रन्वार यांनी हे घातलं. द्वेष राक्षसाकडे सोपवला असता तर प्रेक्षक सुटला असता. तो आपल्या आवडत्या माणसाच्या पोटात आहे हे दाखवलं, म्हणून प्रेक्षकाला सुटका नाही. स्वित्झर्लंडच्या सीमेवर दोघं निरोप घेतात तेव्हाही मारेशाल तीच जुनी शिवी लाडाने देतो. ती शिवी मैत्रीने धुऊन निघाली, असं मला वाटत नाही. पण दोन माणसं तिच्यासकट एकत्र चालली, हे चित्रपट आपल्याला पाहायला लावतो.

रोझेंतालची भूमिका करणारे मार्सेल दालिओ स्वतः ज्यू होते. तीन वर्षांनी जर्मन फौजा पॅरिसकडे आल्या तेव्हा ते पळाले, लिस्बनमार्गे अमेरिकेला पोचले. इकडे नाझींनी 'ज्यू कसा ओळखावा' म्हणून त्यांच्याच चेहऱ्याची पोस्टरं भिंतींवर लावली. त्यांचे आईवडील छळछावणीत मेले. राउफनश्टाइन झालेल्या एरिक फॉन स्ट्रोहाइमची गोष्ट वेगळीच. आयुष्यभर ऑस्ट्रियन उमराव म्हणून वावरलेला हा माणूस प्रत्यक्षात व्हिएन्नाच्या एका ज्यू टोपीवाल्याचा मुलगा होता. या चित्रपटातला सर्वांत कडक उमराव एका ज्यूने उभा केला आहे आणि तो तुच्छता करतो आहे ती रोझेंतालची.

एवढं सगळं रोझेंतालविषयी लिहिलं, कारण आता जे म्हणायचं आहे ते त्यावरच उभं आहे.

त्याच विंटर्सबॉर्नच्या किल्ल्यात, त्याच खोलीत आणखी एक कैदी आहे. काळा, पश्चिम आफ्रिकन वळणाचा. पटकथेत तो 'सेनेगाली' आहे. फ्रेंच सैन्यात पश्चिम आफ्रिकेच्या कुठल्याही भागातल्या शिपायाला हेच म्हणत. त्याला नाव नाही. हा अधिकाऱ्यांचा तळ आहे, म्हणजे तोही अधिकारीच असणार. इतर बोलत असतात तेव्हा तो बाजूला चित्र काढत असतो. चित्र पूर्ण होतं, तो ते घेऊन येतो आणि विषय सांगतो: गुन्ह्याचा पाठलाग करणारा न्याय. समोरचे ओझरती नजर टाकतात आणि आपल्या बोलण्याकडे वळतात. चित्रपटही वळतो.

या एका क्षणावर मला थांबायचं आहे.

आधी श्रेय द्यायला हवं ते देतो. त्या काळच्या फ्रान्समध्ये काळ्या शिपायाचं सर्वांत ओळखीचं चित्र कोणतं होतं? न्याहारीच्या कोकोच्या डब्यावरचं. लाल टोपीतला, दात विचकून हसणारा, मोडकंतोडकं फ्रेंच बोलणारा आफ्रिकन शिपाई 1915 पासून घराघरांत होता. 1931 मध्ये पॅरिसजवळ व्हँसेनला भरलेल्या वसाहतींच्या भव्य प्रदर्शनात वसाहतींतली जिवंत माणसं लाखो लोकांपुढे नमुन्यासारखी मांडली होती. त्या पार्श्वभूमीवर रन्वार यांचा काळा कैदी हसत नाही, नाचत नाही, सुरा परजत नाही. तो नीट फ्रेंच बोलतो. तो काढतो तो विषयही युरोपीय चित्रकलेतला मानाचा. प्रूदों या फ्रेंच चित्रकाराचं याच विषयावरचं 1808 चं मोठं चित्र लूव्हरमध्ये आहे. तो इतरांबरोबर त्याच खोलीत राहतो आणि त्याच्या तिथे असण्याला कोणी हरकत घेत नाही. हे कमी नाही.

पण रोझेंतालला जे मिळालं, त्यातलं याला काय मिळालं? नाव नाही. घर नाही, आई नाही, कुठून आला ते नाही. पळून जाण्याच्या बेतात त्याला कोणी विचारत नाही. त्याच्यावर कोणी चिडतही नाही, म्हणजे परत येऊन समेट करण्याचाही प्रश्न नाही. रोझेंतालच्या वाट्याला द्वेष आला, पण द्वेषाबरोबर नातं आलं. याच्या वाट्याला दुर्लक्ष आलं, आणि दुर्लक्षातून काहीच निघत नाही.

इथेच 'त्या काळी असंच होतं' हे उत्तर कोसळतं. काळ एकच आहे. दिग्दर्शक एकच, खोली एकच. ज्यूद्वेषाने तापलेल्या देशात ज्यू पात्राला नाव, कूळ, विनोद, राग आणि मित्र देण्याचं धाडस ज्याने केलं, त्याला दुसऱ्या पात्राला निदान नाव देणं काळाने अशक्य केलं होतं, असं कसं म्हणता येईल? काळाच्या विरुद्ध जाता येतं हे रन्वार यांनीच सिद्ध करून ठेवलं आहे. म्हणून त्यांना त्यांच्याच मापाने मोजायला हवं, आजच्या मापाने नव्हे. आणि त्या मापात हा चित्रपट एका पात्रापाशी कमी पडतो.

कलावंत मिळत नव्हते, ही सबबही चालणार नाही. ही भूमिका करणारे हबीब बेंग्लिया यांचा जन्म 1895 मध्ये अल्जेरियातल्या ओराँचा. पॅरिसच्या ओदेओं नाट्यगृहात 1923 मध्ये यूजीन ओनील यांच्या नाटकात त्यांनी सम्राट जोन्सची मुख्य भूमिका केली होती. संपूर्ण नाटक खांद्यावर पेलणारा नट चौदा वर्षांनी या चित्रपटात एक कागद दाखवून बाजूला होतो.

रन्वार यांचे चाहते यावर एक गंभीर उत्तर देतात आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. ते म्हणतात, हे दुर्लक्ष दिग्दर्शकाचं नाही, पात्रांचं आहे. रन्वार तेच तर दाखवत आहेत. नाहीतर चित्राचा विषय नेमका न्याय कशाला ठेवला असता? मला हे अर्धं मान्य आहे. तो विषय योगायोगाने आलेला नाही. संकलनात तो क्षण सहज काढता आला असता, तो ठेवला आहे. पण दुर्लक्ष दाखवणं आणि दुर्लक्ष करणं यांत फरक असतो, आणि तो पुढच्या क्षणी कळतो. मारेशाल रोझेंतालला टाकून जातो तेव्हा कॅमेरा रोझेंतालपाशी थांबतो. खडकावर बसून रडवेल्या आवाजात बडबडगीत गाणारा एकटा माणूस आपण पाहतो. इथे पात्रं पाठ फिरवतात तेव्हा कॅमेरा त्या चित्रकाराच्या चेहऱ्यावर थांबला असता, नुसता दोन श्वासांपुरता, तरी मी चाहत्यांचं म्हणणं पूर्ण मानलं असतं. तो थांबत नाही.

याचं कारण रन्वार यांच्या विचारातच आहे, असं मला वाटतं. त्यांची पक्की धारणा होती की जग आडव्या रेषांनी विभागलेलं आहे. राष्ट्राच्या सीमेपेक्षा वर्गाची सीमा खरी. म्हणून फ्रेंच उमराव जर्मन उमरावाच्या जवळचा, आणि फ्रेंच मेकॅनिकला जर्मन शेतकरणीचं घर आपलं वाटतं. ही नजर खोल आहे आणि तिनेच हा चित्रपट मोठा केला. पण वसाहतीची रेषा या नकाशात बसत नाही. काळ्या अधिकाऱ्याचा वर्ग कोणता? तो उमरावांचा नाही, कामगारांचा नाही. अधिकाऱ्याचा गणवेश अंगावर आहे आणि त्याच्या मुलखात फ्रान्स मालक आहे. आडवी रेघ शोधणाऱ्या डोळ्याला तो दिसला, पण कुठे ठेवावा ते कळलं नाही.

चित्रपटातला सर्वांत गाजलेला प्रसंगच घ्या. कैद्यांची नाटकमंडळी रंगात आली आहे, इंग्रज सैनिक बायकांचे झगे घालून नाचत आहेत, आणि बातमी येते: दुओमोंचा किल्ला फ्रेंचांनी परत घेतला. मारेशाल कार्यक्रम थांबवतो, झगा घातलेला इंग्रज डोक्यावरचा केसांचा टोप काढतो आणि 'मार्सेयेज' हे फ्रान्सचं राष्ट्रगीत सुरू होतं. कुठल्याही देशाच्या प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. चित्रपटात तो किल्ला जसा हातातून हातात जातो, ते इतिहासाशी तंतोतंत जुळत नाही. पण व्हेर्दंच्या लढाईत दुओमों खरोखर परत आला तो दिवस 24 ऑक्टोबर 1916. तो घेणारी होती मोरोक्कोची वसाहती पायदळ रेजिमेंट, आणि तिच्या सोबत लढली 43 वी सेनेगाली बटालियन आणि सोमाली शिपायांच्या कंपन्या. त्या राष्ट्रगीतामागे आफ्रिकन रक्त आहे. पडद्यावर गाणाऱ्यांमध्ये ते कुठेच जाणवत नाही. त्या महायुद्धात फ्रान्ससाठी पश्चिम आफ्रिकेचे सुमारे 30 हजार शिपाई मेले.

हे सगळं युरोपचं, आपला काय संबंध, असं कोणी विचारेल. संबंध आहे, आणि तो पुण्यापासून सुरू होतो. याच युद्धात मेसोपोटेमियात लढायला गेली ती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. 103 वी, 110 वी, 117 वी. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली हे सैन्य टायग्रिसकाठी कुत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकलं, घोडे कापून खाल्ले गेले, आणि 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13 हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. साधे शिपाई वाळवंटातून चालवले गेले आणि वाटेत, रेल्वेच्या कामांवर, रोगांनी हजारोंनी मेले. इथे रन्वार यांची आडवी रेघ शंभर टक्के खरी ठरते. अधिकाऱ्याची कैद आणि शिपायाची कैद या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. रन्वार यांच्या चित्रपटातली पार्सलं, नाटकं, दस्ताने घातलेला कमांडंट ही अधिकाऱ्यांची कैद आहे, हे पाहताना विसरून चालत नाही.

पण कुतमधल्या मराठी शिपायावर दुसरीही रेघ होती. 1917 पर्यंत लढाऊ पलटणीत भारतीयाला राजाचं पूर्ण कमिशन मिळत नव्हतं; वीस-वीस वर्षं नोकरी झालेला सुभेदार कालच आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या खाली. आणि तिसरी रेघ आपली घरचीच. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं आहेत त्या महार शिपायांच्या वंशजांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद करण्यात आली. युद्धाला माणसं कमी पडू लागली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर 1921 मध्ये मोडून टाकली. मेल्यावर उपयोगी पडणारा माणूस जिवंतपणी नकोसा होता. या इतिहासातून आलेल्या प्रेक्षकाला विंटर्सबॉर्नच्या किल्ल्यातला तो कागद घेऊन उभा असलेला अधिकारी परका वाटायचं कारण नाही.

सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत महायुद्धाच्या स्मृतीची संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके पुरुष 1914 ते 1919 च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढंच तिच्यावर असतं. आकडा असतो, नावं नसतात. गावाचं प्रतिनिधित्व झालं, माणसांचं झालं नाही. निव्वळ मोजणीवर माझा विश्वास का बसत नाही, ते या पाटीसमोर उभं राहिल्यावर कळतं. कुतच्या कैदेतून परतलेल्या बंगाल रुग्णवाहिका पथकातल्या शिशिर सर्वाधिकारी यांनी पुढे बंगालीत आठवणी लिहिल्या, म्हणून त्या वाळवंटातल्या चालण्याला निदान एक भारतीय आवाज आहे.

एल्साबद्दल थोडं. चित्रपटात नाव लक्षात राहावं अशी स्त्री एकच, दिता पार्लो यांनी उभी केलेली ही जर्मन विधवा. तीही शेवटच्या अर्ध्या तासात येते, आणि पळून आलेल्या दोन कैद्यांना आसरा देणं हेच तिचं काम. मोजणारा इथे नाराज होईल आणि त्यात तथ्य आहे. तरी युद्धाविरुद्धचं सर्वांत जड बोलणं तिच्याच वाट्याला आलं आहे. भिंतीवरच्या फोटोंकडे बोट दाखवून ती सांगते: नवरा व्हेर्दंला मारला गेला, भाऊ लिएज, शार्लरोआ, टॅनेनबर्गला. आमचे सर्वांत मोठे विजय, ती म्हणते, आणि आता जेवणाचं टेबल फार मोठं झालं आहे. एल्साला थोडाच वेळ मिळाला, पण त्या वेळात ती पूर्ण माणूस आहे. तिच्या दुःखापुढे कॅमेरा थांबतो. म्हणजे मिनिटं कमी होती, हेही त्या चित्रकाराच्या बाबतीत उत्तर होऊ शकत नाही.

आता यापुढे करायचं काय? जून 2020 मध्ये अमेरिकेत एक फार गाजलेला जुना चित्रपट वर्णद्वेषाच्या कारणाने एका स्ट्रीमिंग सेवेने काही दिवस काढून घेतला आणि प्रास्ताविक जोडून परत आणला. तेव्हापासून जुन्या चित्रपटांच्या आधी इशाऱ्याची पाटी लावण्याचा प्रघात वाढला आहे. पाटीने कोणाचं नुकसान होत नाही, पण तिने प्रेक्षकाचं काम संपल्यासारखं होतं. दोष आहे, कळलं, पुढे चला. काढून टाकणं तर सरळ अन्याय आहे. नाझींनी जो चित्रपट दडपला, जो दालिओंच्या आयुष्याशी असा जोडलेला आहे, तो आपण अस्पृश्य करायचा, ही कल्पनाही सहन होत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. हा चित्रपट दाखवावा, आणि दुसऱ्या दिवशी उस्मान सेम्बेन आणि चिएर्नो फाती सो यांचा 'काम्प द चारोय' दाखवावा. सेम्बेन सेनेगलचे, दुसऱ्या महायुद्धात स्वतः फ्रेंच सैन्यात शिपाई होते. 1988 च्या त्यांच्या चित्रपटात जर्मनांच्या कैदेतून सुटून डाकारजवळच्या चारोय तळावर आलेले आफ्रिकन सैनिक आपला थकलेला पगार मागतात आणि 1 डिसेंबर 1944 च्या पहाटे त्यांच्यावर फ्रेंच सैन्यच गोळ्या चालवतं. ही खरी घटना. त्यात सार्जंट जात्ता आहे: शिकलेला, युरोपीय संगीत ऐकणारा, फ्रेंच साहित्य वाचणारा. त्याला नाव आहे, बायको-मूल आहे, राजकीय मत आहे, आणि कॅमेरा त्याच्याकडेच तोंड करून आहे. या चित्रपटाला व्हेनिसला पारितोषिक मिळालं, पण फ्रान्समध्ये तो कित्येक वर्षं दाखवला गेला नाही. चारोयला जे झालं ते हत्याकांड होतं, हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी मान्य केलं नोव्हेंबर 2024 मध्ये.

दोन्ही चित्रपट एकमेकांशेजारी ठेवले की कोणाला खाली ओढायची गरज उरत नाही. रन्वार यांनी कुठवर पाहिलं ते दिसतं, आणि कुठे नजर काढून घेतली तेही. आपल्याकडे मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावांपर्यंत फिल्म सोसायट्यांनी युरोपचा सिनेमा मराठी माणसाला पाहायला शिकवलं, हे त्या चळवळीचं मोठं ऋण आहे. पण त्या पडद्यावर फ्रान्स जितका आला तितका सेनेगल आला नाही. अभिजात चित्रपटांची यादी आपण तयार घेतली. यादी करणाऱ्यांची नजर जिथे वळली तिथे आपलीही वळली. पुढच्या हंगामाचा कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी सलग दोन संध्याकाळी हे दोन चित्रपट लावावेत, दोन्हींना मराठी उपशीर्षकं करावीत आणि चर्चेला पुरेसा वेळ ठेवावा. कुतला गेलेल्या माणसाचं घराणं असलेलं कोणी त्या प्रेक्षकांत असेल, तर त्याला आधी बोलू द्यावं.